नसांचा चितारी

डॉक्टरकीला प्रवेश मिळालेल्या मुलाच्या घरात पहिल्या वर्षी एक जाडजूड ग्रंथ हटकून दिसतो. ग्रेज ॲनाटॉमी हे त्याचे नाव. घरातले आजोबा तो हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतात. धाकटी भावंडे आतली चित्रे पाहून घाबरतात, पण पाने उलटायचे काही थांबवत नाहीत. १८५८ मध्ये लंडनला त्याची पहिली आवृत्ती निघाली आणि २०२० मध्ये बेचाळिसावी. दीडशेहून अधिक वर्षे एखादा शास्त्रीय ग्रंथ चालतो हे नवलच म्हणायचे. हेन्री ग्रे हे लेखकाचे नाव त्यामुळे जगभर झाले. पण ज्या चित्रांमुळे तो ग्रंथ विद्यार्थ्यांच्या गळ्यातला ताईत झाला, ती पहिल्या आवृत्तीतली ३६३ चित्रे ग्रे यांनी काढलेली नाहीत. ती काढली हेन्री व्हॅन्डाइक कार्टर नावाच्या एका तरुण डॉक्टरने.

हे कार्टर पुढे आपल्याकडे आले. आले ते चार दिवसांचे पाहुणे म्हणून नव्हे. त्यांनी तब्बल तीस वर्षे मुंबई इलाख्यात नोकरी केली आणि त्यातली सुमारे नऊ वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून काढली. जगप्रसिद्ध ग्रंथाची चित्रे काढणारा तो हात इथे काय करीत होता? कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हातापायांतल्या नसा तो मृत्यूनंतर सोडवून पाहत होता, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत होता आणि त्यांची चित्रे काढत होता. माणसाच्या अंगातली वेदना नाहीशी कशी होते, याचा तो शोध होता.

गेली तीसएक वर्षे मी पन्हाळ्यावर दवाखाना चालवते. पन्हाळा म्हटले की बाहेरच्या माणसाला सिद्दी जौहरचा वेढा आठवतो, पावसाळ्यातले धुके आठवते, तीन दरवाजा आणि अंबरखाना आठवतो. माझ्यासमोर मात्र येतात ती कोतोली, कळे, बाजारभोगाव या बाजूंनी गड चढून आलेली माणसे. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाच्या हातापायाला येणाऱ्या मुंग्या. वेदना घेऊन आलेल्या माणसाचे मला कधी फारसे भय वाटत नाही. वेदना असायला हवी तिथे ती नसलेला माणूस आला, की मी सावध होते.

असाच एकजण एका हंगामात आला होता. गुऱ्हाळावर चुलवाणाला चिपाड घालण्याचे त्याचे काम. वय पस्तिशीच्या आसपास. त्याच्या उजव्या करंगळीवर आणि तळहाताच्या कडेला भाजल्याचा भलामोठा फोड होता आणि तो त्याच्या नव्हे, त्याच्या बायकोच्या लक्षात आला होता. कधी भाजले हे त्याला सांगता येईना. मी त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूच्या खोबणीत बोट ठेवले. आपल्या सर्वांच्या कोपराला चुकून काही लागले की जिथून करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती ही जागा. तिथली नस हाताला लागली ती सुतळीसारखी जाड. माझ्या बोटाखाली जे होते, ते कार्टर यांनी दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत आणि साताऱ्यात पाहून ठेवले होते. या माणसाचे आयुष्य मराठी वाचकाला ठाऊक असावे असे मला वाटते, ते तेव्हापासून.

कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ चा, इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावचा. वडील हेन्री बार्लो कार्टर जलरंगातले नावाजलेले चित्रकार. समुद्र आणि गलबते हा त्यांचा हातखंडा. मुलाला जुन्या काळच्या एका थोर चित्रकाराचे नाव दिले ते उगीच नव्हे. भाऊ जोसेफही चित्रकार झाला. पण चित्रकारीवर घर चालवण्यातली ओढाताण कुटुंबाने पाहिली होती, आणि हेन्रीने वाट धरली ती डॉक्टरकीची. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात तो शिकू लागला. हातात बापाची कला, डोळ्यांत शास्त्रज्ञाची शिस्त आणि स्वभाव मात्र कमालीचा बुजरा. तो नेमाने रोजनिशी लिहीत असे आणि तीत स्वतःलाच फैलावर घेत असे. आज आपण आळस केला, आज प्रार्थनेत मन लागले नाही, अशी त्याची स्वतःविरुद्धची फिर्याद पानोपानी चाललेली असे. त्या रोजनिश्या लंडनच्या वेलकम ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत.

सेंट जॉर्जमध्येच हेन्री ग्रे होते. कार्टरपेक्षा काही वर्षांनी मोठे, हुशार, महत्त्वाकांक्षी आणि चारचौघांत उठून दिसणारे. विद्यार्थ्यांना परवडेल आणि समजेल असा शरीररचनेचा ग्रंथ लिहावा, ही कल्पना त्यांची. चित्रांसाठी त्यांनी कार्टरला गाठले. सुमारे दीड वर्ष दोघे शवविच्छेदनाच्या खोलीत खपले. ग्रे यांनी लिहिले, कार्टर यांनी रेखाटले. त्या काळच्या पुस्तकांत चित्रातल्या अवयवाला बारीक आकडा घालीत आणि त्याचे नाव शोधायला विद्यार्थ्याची नजर पानाच्या तळाशी जाई. कार्टर यांनी अवयवाचे नाव त्या अवयवावरच लिहिले. नसेच्या वळणाबरोबर अक्षरेही वळली. विद्यार्थ्याला चित्र आणि नाव एकाच नजरेत मिळू लागले. युक्ती साधी, पण पुस्तकाचे नशीब तिने घडवले.

या श्रमांचे मोल काय मिळाले? कार्टर यांना एकरकमी १५० पौंड. ग्रे यांना मात्र खपलेल्या दर हजार प्रतींमागे १५० पौंड. आणि मुखपृष्ठाचा कच्चा खर्डा आला, तेव्हा त्यावर दोघांची नावे सारख्याच आकाराच्या टाइपात होती. ग्रे यांनी खूण करून कार्टर यांचे नाव लहान करायला लावले. पुढच्या काळात तर पुस्तकाचे नावच ग्रे यांचे होऊन बसले आणि चितारी दृष्टीआड गेला. नियतीचा खेळ असा, की ग्रे यांनाही ते यश फार काळ पाहता आले नाही. आजारी पुतण्याची शुश्रूषा करताना त्यांना देवी आल्या आणि १८६१ मध्ये ऐन तारुण्यात ते गेले.

पुस्तक बाजारात आले तेव्हा कार्टर लंडनला नव्हतेच. १८५७ मध्ये त्यांची आई वारली होती. लंडनमध्ये वशिल्याशिवाय बढती मिळण्याची आशा नव्हती. त्यांनी हिंदुस्थानातल्या वैद्यकीय नोकरीची परीक्षा दिली आणि १८५८ च्या वसंतात, वयाच्या सव्विसाव्या वर्षी ते मुंबईला उतरले. उत्तरेत बंडाचा वणवा अजून पुरता विझला नव्हता. थोड्याच दिवसांत ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि जोडीला सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयाचे, म्हणजे आपल्या जे. जे.चे काम आले. मुंबईत त्यांनी १८५९ मध्ये लग्न केले. ते टिकले नाही आणि त्याचा मनस्ताप त्यांनी पुढे कितीतरी वर्षे सोसला. घरातले सुख हरपलेल्या या माणसाने सगळा जीव कामात ओतला.

काम तर दारात येऊन उभेच होते. अनवाणी शेतकऱ्याच्या पायात काटा मोडतो, जखम भरते, पण पाऊल आतून सुजत, फुटत आणि किडत जाते. मदुरा पाय म्हणून ओळखला जाणारा हा आजार बुरशीसारख्या सूक्ष्म जीवामुळे होतो, हे त्यांनी चिकाटीने मांडले. मुतखडा कसा बनतो, तेही त्यांनी तपासले. पण त्यांचे मन गुंतले ते महारोगात.

त्या काळी महारोग हा शब्द उच्चारतानाही लोक आवाज खाली करीत. पूर्वजन्मीचे पाप म्हणून त्याच्याकडे पाहिले जाई. डॉक्टरांमध्येही एकवाक्यता नव्हती. कुणी म्हणे तो रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, कुणी म्हणे घाणीतून, कुणी म्हणे मासळी खाल्ल्याने. औषध नव्हते असे नाही. मुंबईतच डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी सह्याद्रीच्या जंगलात वाढणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे तेल वापरून रोग्यांवर उपचार चालवले होते. ग्रँट कॉलेजच्या अगदी पहिल्या तुकडीतले हे पदवीधर जुने वैद्यकग्रंथ आणि नवे शास्त्र दोन्ही जाणत होते. ती तेले पुढे जगभर वापरली गेली. पण रोग शरीरात नेमके करतो काय, याचे उत्तर तेलात नव्हते. ते शोधायला शरीरच उघडून पाहावे लागणार होते.

कार्टर यांनी ते केले. मरण पावलेल्या रोग्यांचे हात आणि पाय त्यांनी विच्छेदून पाहिले आणि १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या वैद्यकीय मंडळाच्या नियतकालिकात आपली निरीक्षणे मांडली. निरोगी नस कशी दिसते, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? ग्रेच्या ग्रंथासाठी त्यांनी शरीरातली एकूण एक महत्त्वाची नस रेखाटली होती. म्हणून बिघडलेली नस त्यांच्या नजरेतून सुटली नाही. कोपराजवळ, मनगटाजवळ, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला ती फुगलेली, कठीण झालेली असे. त्याच नसेच्या हद्दीतली कातडी बधिर, त्याच नसेच्या ताब्यातले स्नायू वाळलेले. नॉर्वेतल्या डॉक्टरांनी काही वर्षांपूर्वी अशी निरीक्षणे केली होती. कार्टर यांनी ती हिंदुस्थानातल्या रोग्यांत स्वतःच्या हाताने पडताळली. रोग कातडीवर दिसतो, पण माणसाचा घात तो नसेत बसून करतो, हे त्यांच्या चित्रांतून उघड झाले.

इथे नस म्हणजे रक्ताची नव्हे, संवेदना वाहून नेणारी. तापलेल्या तव्याला बोट लागले तर आपण विचार करायच्या आधीच हात मागे घेतो. पायात खडा रुतला तर चाल आपोआप बदलते. वेदना ही गडावरच्या पहारेकऱ्यासारखी आहे. त्याची हाक कुणालाच आवडत नाही, पण तो आहे म्हणून आतले लोक निर्धास्त झोपतात. कुष्ठरोग तटावर चढाई करीत नाही. तो आधी पहारेकऱ्यांना गप्प करतो. मग चुलीचा चटका, बुटातला खिळा, रात्री उंदराचा चावा, सारे बिनबोभाट आत येते. जखम होते, ती कळत नाही. कळत नाही म्हणून तोच हात, तोच पाय पुन्हा वापरला जातो. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते. महारोगाने बोटे गळून पडतात ही समजूत त्यामुळेच पसरली. बोटे रोगाने गळत नाहीत. ती न कळलेल्या जखमांनी झिजत जातात. वेल्लोरला काम करणारे डॉक्टर पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात हे सप्रमाण दाखवले.

१८६३ मध्ये कार्टर साताऱ्याला आले. छत्रपतींचे राज्य खालसा होऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. मोठ्या शहरातले कॉलेज, सहकारी, ग्रंथालय सुटले. दुसरा कुणी असता तर क्लबात आणि शिकारीत रमला असता. कार्टर यांनी सूक्ष्मदर्शक बरोबर आणला होता. कृष्णाकाठच्या, डोंगराच्या कुशीतल्या गावांतले रोगी आता त्यांच्यासमोर होते. याच काळात सबंध मुंबई इलाख्यातल्या कुष्ठरोग्यांची १८६७ मध्ये सरकारी नोंद झाली होती. त्या नोंदींचा अभ्यास करून त्यांनी १८७१ मध्ये इलाख्यातल्या रोगाच्या प्रसाराचा अहवाल सिद्ध केला. रोग कोणत्या भागात जास्त, कोणत्या वयात दिसतो, घरात दुसऱ्या कुणाला आहे काय, अशा प्रश्नांची ती छाननी होती. एका रोग्याची नस आणि हजारो रोग्यांचा तक्ता, दोन्हींवर एकाच माणसाची नजर होती.

१८७२ मध्ये ते दीर्घ रजेवर युरोपात गेले. रजेत लोक विश्रांती घेतात. हे गृहस्थ नॉर्वेला गेले, कारण त्या काळी युरोपात कुष्ठरोग तिथेच जास्त होता आणि तिथले सरकार त्याची शिस्तशीर नोंद ठेवत होते. बर्गेन शहरात हान्सेन नावाच्या तरुण डॉक्टरला १८७३ मध्ये रोग्यांच्या गाठींत काडीच्या आकाराचे जंतू दिसले होते. जग अजून त्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. जंतूंमुळे रोग होतात ही कल्पनाच नवी होती. कार्टर यांनी हान्सेन यांचे काम जवळून पाहिले, त्यांना पटले आणि त्यांनी ते इंग्रजी वाचकांपुढे ठेवले. १८७४ मध्ये त्यांचा स्वतःचा कुष्ठरोगावरचा मोठा सचित्र ग्रंथ लंडनला निघाला. त्यात चेहरे आहेत, हात आहेत, कापलेल्या नसा आहेत. या वेळी मुखपृष्ठावरचे नाव लहान करणारे कुणी नव्हते. पण तो ग्रंथ कपाटांत राहिला आणि ग्रेचा घराघरांत गेला.

इथून कार्टर यांच्या चरित्रातला अवघड भाग सुरू होतो. रोग जंतूमुळे होतो, म्हणजे तो आनुवंशिक नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पापाचा कलंक पुसला गेला. ही केवढी सुटका होती! पण त्याच शोधाला दुसरी बाजू होती. जंतूमुळे होतो म्हणजे एकापासून दुसऱ्याला होतो. नॉर्वेत रोग्यांना वेगळे ठेवत. कार्टर यांनी हिंदुस्थानातही रोग्यांसाठी आश्रम आणि वसाहती काढाव्यात, त्यांना निरोग्यांपासून आणि स्त्री-पुरुषांना एकमेकांपासून दूर ठेवावे, असा आग्रह धरला. सरकारने त्या सूचना तेव्हा जशाच्या तशा उचलल्या नाहीत. मात्र १८९८ मध्ये, कार्टर यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, भीक मागणाऱ्या निराधार रोग्यांना पकडून आश्रमात डांबण्याची मुभा देणारा कायदा आला. त्यांच्यावर एकट्यावर त्याचे खापर फोडणे अन्यायाचे होईल. औषध नसलेल्या काळात डॉक्टरला दुसरा उपाय दिसत नव्हता. तरी पापी म्हणून दूर लोटलेला माणूस आता जंतूवाहक म्हणून दूर लोटला गेला, एवढे खरे. समाजाला फक्त कारण बदलून मिळाले.

आणि कायदे औषधांपेक्षा चिवट असतात. कुष्ठरोगावर तीन औषधांचा हमखास उपचार १९८२ पासून जगभर सुरू झाला. तो १८९८ चा कायदा आपल्या देशातून रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण होऊ शकत होते, ते कलम गेले २०१९ मध्ये. मधल्या काळात किती संसार मोडले असतील?

कार्टर १८७५ च्या सुमारास परतले, काठेवाडातल्या कुष्ठरोगाची पाहणी केली आणि मुंबईला गोकुळदास तेजपाल रुग्णालयात रुजू झाले. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. दख्खनमधून उपाशी माणसांचे तांडे मुंबईकडे निघाले आणि त्यांच्याबरोबर एक विचित्र ताप आला. तो चढे, उतरे, आठवड्याने पुन्हा चढे. कार्टर यांनी रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे वळवळणारे जंतू पाहिले आणि तो ताप माकडांत संक्रमित करून दाखवला. हे काम करताना त्यांना स्वतःलाच तो ताप झाला. त्यातून उठल्यावर ते पुन्हा सूक्ष्मदर्शकापाशी बसले. १८८२ मध्ये या तापावरचा त्यांचा ग्रंथ आला. कॉक यांनी क्षयाचे जंतू शोधल्याची वार्ता येताच ते मुंबईत तपासून पाहणाऱ्यांत आणि १८८७ मध्ये हिवतापाचे परजीवी इथल्या रक्तात ओळखणाऱ्यांत तेच पुढे होते. रोज सकाळी वॉर्ड, दुपारी शवागार, संध्याकाळी भिंग आणि कागद असा हा माणूस.

१८८८ मध्ये ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. समुद्रकाठच्या स्कारबरो गावी राहिले, वयाच्या साठीला टेकताना दुसरे लग्न केले, दोन मुले झाली. उशिरा का होईना, घर भरले. पण ते सुख थोडेच टिकले. मुंबईत ज्या क्षयाचे जंतू त्यांनी भिंगाखाली पाहिले होते, त्याच क्षयाने ४ मे १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

त्यांचा प्रश्न मात्र मुंबईतच राहिला आणि इथेच पुढे सरकला. १९५० च्या दशकात डॉक्टर वसंत रामजी खानोलकर यांनी कुष्ठरोगाच्या अगदी कोवळ्या चट्ट्यांचे काप भिंगाखाली तपासले आणि नस या रोगात शेवटी नव्हे, सुरुवातीलाच सापडते हे दाखवले. त्याच जे. जे. रुग्णालयात डॉक्टर नोशीर अंतिया यांनी वाकडी झालेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ करण्याचे काम उभारले आणि नसांवरचे संशोधनही चालू ठेवले. आज आपल्याला एवढे कळते की हे जंतू नसेच्या तंतूंना वेढून बसणाऱ्या पेशींत घर करतात. श्वान पेशी असे त्यांचे नाव. आपल्या श्वानाशी त्याचा संबंध नाही, श्वान हे एका जर्मन शास्त्रज्ञाचे आडनाव. जंतू तिथे वर्षानुवर्षे जवळजवळ शांत असतात. घात पुष्कळदा होतो तो आपल्याच शरीराकडून. शरीराची संरक्षक फौज जंतूंवर तुटून पडते, नसेत दाह होतो, सूज येते. नसेवर घट्ट आवरण असते, सुजेला पसरायला जागा नसते, आणि आतले नाजूक तंतू चेपले जातात. ललिता रामकृष्णन यांच्या गटाने २०१७ मध्ये पारदर्शक इवल्या माशांत हा प्रकार जिवंतपणी पाहिला: जंतू गिळून बसलेल्या संरक्षक पेशीच शेजारच्या नसेचे आवरण आणि तंतू उद्ध्वस्त करतात. गडातल्याच तोफांनी गडाचा तट पाडावा, तसे हे आहे.

हे कळण्याचा उपयोग केवळ पंडितांना नाही. दाह वेळेवर विझवला तर नस वाचते. म्हणून कुष्ठरोगाच्या औषधांबरोबर, नस दुखू किंवा बधिर होऊ लागली की डॉक्टर दाह शमवणारी स्टेरॉइडची औषधे देतात. बधिरपणा नवा असेल, सहा महिन्यांच्या आतला असेल, तर संवेदना परतण्याची आशा चांगली असते. उशीर झाला तर जंतू मरतात, पण हात परत मिळत नाही. गुऱ्हाळावरच्या त्या माणसाच्या हातात तिसऱ्या महिन्यात थोडी जाणीव आली. गरम पेल्याचा चटका बसला म्हणून तो मोठ्या कौतुकाने सांगायला आला. चटका बसल्याचा आनंद झालेला माणूस मी त्या दिवशी पाहिला.

तो वेळेत आला होता. पुष्कळजण येत नाहीत. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोग दहा हजारांत एकापेक्षा कमी झाल्याचे जाहीर झाले आणि लोकांना वाटले रोग संपला. तो संपलेला नाही. जगात सापडणाऱ्या नव्या रोग्यांपैकी अजूनही निम्म्याहून अधिक आपल्या देशात सापडतात. पाठीवर फिकट किंवा लालसर चट्टा येतो, खाजत नाही, दुखत नाही, म्हणून कुणी पाहत नाही. दुखत नाही हेच तर दुखणे! आणि शंका आली तरी मुलीचे लग्न ठरायचे आहे, शेजारी काय म्हणतील, या विचाराने माणूस घरात बसतो. कोल्हापुरात शेंडा पार्क हे नाव एकेकाळी ज्या सुरात घेतले जाई, तो सूर अजून काही घरांत उरला आहे. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, सहा ते बारा महिन्यांत उपचार पुरा होतो, आणि औषध सुरू झाल्यावर रोगी थोड्याच काळात दुसऱ्याला रोग देईनासा होतो. वेगळे ठेवण्याचे कारणच उरलेले नाही.

कार्टर यांनी वेगळे ठेवण्याचा सल्ला दिला आणि त्याच कार्टर यांनी फुगलेल्या नसेचे चित्रही काढून ठेवले. सल्ला त्यांच्या काळाचा होता, तो काळाबरोबर गेला पाहिजे. चित्र मात्र खरे होते आणि ते आजही उपयोगी आहे. घरातल्या कुणाच्या अंगावर न दुखणारा चट्टा दिसला, करंगळी जड किंवा बधिर वाटली, भाजल्याचे उशिरा कळले, तर कोपराच्या त्या खोबणीत डॉक्टरचे बोट लवकर पडले पाहिजे. साताऱ्याच्या त्या एकलकोंड्या सर्जनने दिव्याच्या उजेडात जी नस रेखाटली, ती कुणाच्या तरी हातात अजून वाचवता येण्यासारखी असते.